खड्डेकाकांचा पळता त्रिकोण

खड्डेकाकांच्या घरात पाऊल टाकलं की आधी दिसतात ते लाल त्रिकोण. बोटाच्या पेराएवढे, चिकटपट्टीचे, टोक खाली. एक फ्रिजशेजारी फरशीवर, कारण फ्रिज तिथवर पुढे ओढला की त्याची घरघर थांबते. एक न्हाणीघरातल्या नळावर, पाणी अंगाला बरं वाटतं त्या जागी, आणि केसभर डावीकडे दुसरा, जिथे माणूस किंचाळतो. एक सोफ्याच्या बरोबर मध्ये, कारण तिथे खालची स्प्रिंग टोचते. पाहुण्यांना हे शास्त्र कुठून माहीत असणार? त्यांना वाटतं, खास आपल्यासाठी जागा राखून ठेवलीये. ते नेमके त्रिकोणावर बसतात आणि चहा येईपर्यंत एका अंगावर कलून संसाराच्या गोष्टी बोलतात.

"कलू नका, सरका," काका मायेनं सांगतात. "त्रिकोणाच्या अलीकडे या."

"घर आहे की रस्तादुरुस्तीचं कंत्राट?" काकू आतून म्हणतात. त्यांची परवानगी कुठल्याच त्रिकोणासाठी कधी घेतलेली नाही.

खड्डेकाका हे नाव इमारतीनं ठेवलेलं. गच्चीवरच्या एका बैठकीत कुणीतरी सहज विचारलं, "तुम्ही दिवसभर कारखान्यात करता तरी काय?" काका छाती काढून म्हणाले, "खड्डे बघतो. खड्डा जितका खोल तितका मी खूश. उथळ निघाला तर माल परत." त्याच आठवड्यात समोर बसलेल्या निम्म्या मंडळींनी गाडीची चाकं रस्त्यात आपटून घेतली होती. त्यांनी काकांकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू आरोपी शेवटी स्वतःच्या पायांनी चालत आला. काकांनी पुढे अर्धा तास समजावलं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. काकूंना कुणी खड्डेकाकू म्हटलं तर त्या ओ देत नाहीत.

काकांची आणखी एक खोड म्हणजे त्यांचे साडू. काका ज्या यंत्रावर काम करतात त्यावर एक त्रिकोण पाया म्हणून ठेवता येतो आणि बाकीचे त्रिकोण त्याच्या मानानं किती वर, किती खाली, ते मोजता येतं. काकांच्या आयुष्यातला हा पाया म्हणजे साडू. घर? साडूंपेक्षा एका खोलीनं कमी. उंची? दोन बोटं कमी. केस? साडूंपेक्षा भरपूर जास्त. हा शेवटचा आकडा काका न विचारता सांगतात आणि दोनदा सांगतात.

आता ते यंत्र. काकांचा कारखाना अँटेना बनवतो. मोठ्या मनोऱ्यावरचे नव्हेत, आपले साधे, फाटकावर आणि गॅरेजच्या शटरवर लागतात ते. रिमोटचं बटण दाबलं की त्याची हाक ऐकून फाटक उघडायचं, एवढंच त्यांचं काम. अँटेना नीट ऐकतो की नाही हे पाहायला काकांच्या खोलीत नेटवर्क अ‍ॅनालायझर नावाचं यंत्र आहे. ते अँटेनाला हाका मारतं. खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत, न दमता, न चिडता. आणि कुठली हाक किती परत आली त्याची एक रेघ पडद्यावर काढतं. अँटेना कोडगेपणानं हाक परत फेकत असेल तिथे रेघ वर. मुकाट्यानं गिळत असेल तिथे रेघ धपकन खाली. हाच तो खड्डा. फाटकाच्या अँटेनाचा खड्डा चारशे तेहेतीस मेगाहर्ट्झवर पडला पाहिजे, कारण रिमोट त्याच सुरात ओरडतो.

पण रेघेकडे नुसतं बघून खड्डा 'तिकडे कुठेतरी' आहे एवढंच कळतं. नेमकं कळायला मार्कर लागतो. मार्कर म्हणजे रेघेवर बसणारा छोटा त्रिकोण. यंत्राची चकती फिरवली की तो रेघेवरून चालत जातो आणि थांबेल तिथले दोन आकडे पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात उमटतात. वरचा आकडा, तो कुठे उभा आहे. खालचा, तो किती खोल उभा आहे. वर्षानुवर्षं काकांनी त्रिकोण चारशे तेहेतीसवर ठेवला, खालचा आकडा वाचला, खोल असला तर अँटेनाला हिरवी टिकली लावली आणि नसला तर नाक मुरडून परत पाठवला. चोख काम. त्यात कुणी बोट दाखवावं अशी जागा नव्हती.

गडबड केली ती काकांच्या कोपरानं.

जेवणानंतर काकांचा डोळा लागतो. लागतो म्हणजे डुलकी वगैरे नव्हे. मान पुढे, ओठ अर्धवट, हात यंत्रावर, आणि शेजारच्या खोलीत ऐकू जाईल असा बारीक सूर. अशाच एका दुपारी त्यांचं कोपर बटणांवर पडलं. जागे होऊन बघतात तर त्रिकोण आपला आपण खड्ड्याच्या तळाशी जाऊन बसलेला! काकांनी दुसरा अँटेना जोडला. त्रिकोण टुणकन त्याच्या तळाशी. तिसरा जोडला, तिथेही. पडद्यावर एका कोपऱ्यात 'ट्रॅकिंग' असं लिहून आलं होतं. म्हणजे त्रिकोणाला हुकूम मिळाला होता, की बाबा रे, रेघेवरची सगळ्यात खोल जागा शोध आणि तिथे जाऊन बस. काका हरखून गेले. चकती फिरवायला नको, मान ताणायला नको. आणि खालचा आकडा तर असा येई की डोळे निवावेत. उणे पंचवीस, उणे सव्वीस, कधी उणे अठ्ठावीस!

"इतकी वर्षं यंत्राला बिचाऱ्याला आपणच हातानं ओढत होतो," ते काकूंना म्हणाले. "आता ते स्वतःच्या पायांनी चालतं."

"तुम्ही कधी चालणार?" काकूंनी विचारलं.

आता काम इतकं सोपं झालं की डुलकी आणखी लांबली. डुलकीतली अडचण एकच होती. खोलीचं दार काकांच्या पाठीशी. कारखान्याच्या मालकीणबाई, ज्यांना सगळे मॅडम म्हणतात, त्या रबरी तळाच्या चपला घालून मांजरीसारख्या येत. काकांनी यावर उपाय काढला. काकूंच्या पावडरच्या डबीचं झाकण तुटलं होतं, त्यातला वाटोळा आरसा त्यांनी गुपचूप उचलला आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, वरच्या बाजूला चिकटवला. आता बसल्या जागी मागचं दार दिसू लागलं. काकूंनी आरशासाठी घर उलटंपालटं केलं. काकाही त्यांच्याबरोबर पलंगाखाली वाकून शोधत होते. तेवढा अभिनय त्यांना जमतो.

सगळं असं सुरळीत चाललं असताना दोन गोष्टी एकदम घडल्या. मुख्य तपासनीस निवृत्त झाले आणि मॅडमनी अँटेनाचं कव्हर बदललं.

कव्हराचं विशेष काही नाही. जुनं करडं आणि पातळ होतं, नवं बेडकासारखं हिरवं आणि जाडजूड. "दिसायला पाहिजे ना काहीतरी," मॅडम म्हणाल्या. काकांनी नव्या कव्हरातले अँटेना जोडले, त्रिकोण पळाला, खालचा आकडा उणे सव्वीस. हिरवी टिकली. रेघेतला खड्डा किंचित डावीकडे गेल्यासारखा वाटला, तेव्हा त्यांनी चष्मा पुसला आणि नंबर वाढला असणार असं ठरवून टाकलं.

विशेष होती ती मुख्य तपासनीसांची खुर्ची. तिला चाकं, हात आणि मान टेकायला उशी. पाठीला रेटा दिला की मागे कलते आणि तिथेच थांबते. काका इतकी वर्षं एका गोल लोखंडी स्टुलावर झोपत होते. त्या खुर्चीकडे ते कसे बघत असतील ते सांगायला नको.

"खुर्ची तुम्हालाच द्यायची म्हणते," मॅडम म्हणाल्या, "पण आधी तुमची तपासणी काय दर्जाची आहे ते बघू दे. तुमच्याच इमारतीला आपल्या नव्या अँटेनाचं फाटक बसवू. रविवारी सकाळी मी येते. कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापाशी गाडी थांबवून रिमोट दाबते. फाटक उघडलं तर सोमवारी खुर्ची तुमची. नाही उघडलं तर सोमवारपासून पॅकिंग."

पॅकिंग! तिथे खुर्ची सोडाच, स्टूलही नाही. दिवसभर उभं राहून खोक्यांना पट्ट्या मारायच्या, आणि संध्याकाळी घरी जाताना भुवयांत थर्माकोलचे मणी.

"खांबापासून म्हणजे जरा लांब होतं, मॅडम."

"खोक्यावर आपणच छापलंय तेवढं अंतर. छापलंय ते खरं असेल ना?"

"उणे सव्वीस आहे," काका रुबाबात म्हणाले.

फाटक बसलं. इमारतीच्या कमिटीच्या अध्यक्षा म्हणजे हेडबाई. शाळेतून निवृत्त झाल्या, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. त्यांनी सगळ्यांना रांगेत उभं करून रिमोट वाटले आणि पहिला मान स्वतःकडे घेतला. गाडी रस्त्यात थांबवली. रिमोट रोखला. बटण दाबलं. फाटक ढिम्म. काच खाली करून दाबलं. ढिम्म. खाली उतरून, दोन पावलं पुढे येऊन, हात लांब करून दाबलं. फाटकाला काही सोयरसुतक नाही. अखेर हेडबाईंनी रिमोट अँटेनाच्या हिरव्या डब्याला नेऊन टेकवला, तेव्हा कुठे ते कुरकुरत उघडलं.

"अहो खड्डे!" त्या कडाडल्या. "एवढ्या जवळ येऊन उघडायचं तर मी हातानंच ढकलीन की!"

"नवीन आहे, बाई. रुळेल."

"फाटक आहे की नवी सून?"

दुसऱ्या दिवशी हेडबाईंच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. रिमोट त्यांनी हनुवटीखाली धरला होता आणि तो खाली ठेवायचंही जमेना. वैतागून त्या फाटकावर ओरडल्या, "उघड!" हनुवटीनं बटण दाबलं गेलं, आणि फाटक चांगलं सात-आठ पावलांवरून उघडलं.

झालं. इमारतीला मंत्र सापडला. रिमोट हनुवटीला लावायचा, तोंड उघडायचं, बटण दाबायचं. माणसाच्या डोक्यात भरपूर पाणी असतं आणि त्यामुळे रिमोटची हाक थोडी लांब जाते, हे काकांना ठाऊक होतं. पण हे शास्त्र आत्ता सांगणं म्हणजे 'माझा अँटेना बहिरा आहे' असं लेखी देणं. ते गप्प बसले. मग येता-जाता एकच देखावा. फाटकासमोर सगळे मान वर करून, आ वासून उभे. काही जण खबरदारी म्हणून 'उघड' असंही म्हणत. शेजारच्या इमारतीतले लोक बाल्कनीत खुर्च्या टाकून बसू लागले.

या सगळ्यात एकच माणूस खूश होता, तो म्हणजे तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर. त्यांची खिडकी बरोबर फाटकावर उघडते.

"हेडबाई, तशाच राहा! जरा उजवीकडे वळा... हं. वरची मागची दाढ दाखवून घ्या."

"मी फाटक उघडतेय!"

"उघडा, उघडा, सावकाश उघडा. अक्कलदाढही दिसतेय, आश्चर्य आहे."

आठवडा संपेपर्यंत डॉक्टरांच्या दवाखान्यात बसायला जागा मिळेना. त्यांनी काकांना जिन्यात गाठून हात हातात घेतला. "काका, फाटकाला हात लावू नका. समाजाचं फार भलं होतंय."

काकांच्या स्वप्नात मात्र खुर्ची यायची, आणि बसायला जावं तर तिची चाकं पळायची. कुणी काही म्हणालं की एकच उत्तर, "उणे सव्वीस आहे. मी स्वतः बघितलंय."

"तुमचं ते उणे सव्वीस फाटकाला जाऊन सांगा," काकू म्हणाल्या. "आम्हाला काय सांगता? आम्ही आ वासून दमलो."

शनिवारी दुपारी काकांनी फाटकावरचा अँटेना काढला. कारखान्याला सुट्टी होती. पहारेकऱ्याकडून किल्ली घेऊन तो पुन्हा तपासायचा, असा बेत.

"मीही येते," काकू पर्स उचलत म्हणाल्या.

"तू कशाला? आत्ता जाऊन आत्ता आलो."

"मागच्या खेपेलाही आत्ताच येणार होतात. पहारेकऱ्याचा फोन आला, तुमचे हे यंत्रावर डोकं ठेवून निजलेत, उठवू का म्हणून."

काकूंनी ती खोली कधी पाहिली नव्हती. काकांनी ऐटीत यंत्र चालू केलं, अँटेना जोडला. पडद्यावर हिरवी रेघ उमटली, त्रिकोण टुणकन पळाला आणि तळाशी जाऊन बसला.

"बघ! काय आहे? उणे सव्वीस! आता यात माझं काय चुकलं ते सांग."

काकू पडद्याजवळ वाकल्या. काकांना वाटलं, प्रभाव पडतोय.

"अहो," काकू फार हळू आवाजात म्हणाल्या. काकू हळू बोलल्या की काका दोन पावलं मागे सरतात, तसे ते सरले. "हा माझा आरसा आहे."

"कुठला आरसा?"

"हा. कडेला टवका उडालाय तो. पावडरच्या डबीतला. तुम्ही माझ्याबरोबर पलंगाखाली शिरला होतात हो! कोळिष्टकं लागली होती तोंडाला!"

"अगं, तो... कामासाठी होता. मागचं बघायला."

"मागचं बघायला! आणि पुढचं कोण बघणार?" असं म्हणून काकूंनी नखानं चिकटपट्टी खरवडली आणि आरसा टचकन उपटला.

खाली आकडा होता. वरचा आकडा. त्रिकोण कुठे उभा आहे, तो. त्या आरशाखाली तो कधीपासून गुपचूप बसला होता. चारशे पंधरा.

काकांनी चष्मा काढला, पुसला, घातला. चारशे पंधराच.

"काय झालं?" काकूंनी आरसा पर्समध्ये टाकत विचारलं. "भूत बघितल्यासारखं काय करताय?"

काकांनी ट्रॅकिंग बंद केलं आणि पूर्वीसारखं हातानं त्रिकोणाला सांगितलं, जा, चारशे तेहेतीसवर उभा राहा. बिचारा गेला. आणि रांगेत तासभर उभं राहिलेल्या माणसाच्या तोंडावर खिडकी बंद व्हावी, तसा उतारावर पार वर केविलवाणा लटकत राहिला. खालचा आकडा, उणे चार. उणे चार म्हणजे अँटेना त्या सुरातली बरीचशी हाक तशीच परत फेकत होता. जाड कव्हराच्या ओझ्यानं त्याचा सूर खाली उतरला होता, आणि खड्डा त्याच्याबरोबर डावीकडे निघून गेला होता.

"म्हणजे?"

"म्हणजे खड्डा सरकला," काका कसेबसे म्हणाले. "आणि माझा त्रिकोण त्याच्या मागे मागे गेला. मला वाटलं, दोघे जागेवरच आहेत."

"तो जाणारच. तुम्हीच त्याला सांगितलंत ना, खोल दिसेल तिथे जाऊन बस म्हणून? खड्डा बाजारात गेला असता तर हा तिथेही जाऊन बसला असता." काकूंची नजर हिरव्या टिकल्यांच्या पाकिटावर गेली. "आणि बाकीचे? ज्यांना टिकल्या लावल्यात ते?"

"पॅक झालेत," काका म्हणाले आणि स्टुलावर बसले. स्टूलही कुरकुरलं.

पण माणूस डुलकीबाज असला तरी कारागीर होता. तो उठला. या अँटेनाच्या आत वितभर तार असते. ती आखूड केली की सूर वर चढतो. फक्त जरा जास्त कापली गेली तर ती पुन्हा लांब होत नाही, आणि रविवारी बसवायला त्यांच्या हातात हा एकच होता. काकांनी या वेळी दोन त्रिकोण लावले. पहिला चारशे तेहेतीसवर ठोकून बसवला; जगबुडी झाली तरी हलायचं नाही. दुसऱ्याला खड्ड्यामागे पळायची मोकळीक दिली. आणि दोघांमधलं अंतर किती, ते यंत्राला दाखवायला सांगितलं.

"तू तो आकडा वाच. मी कापतो. शून्य आलं की झालं."

"अठरा," काकू म्हणाल्या.

काकांनी कटरनं तारेचं टोक चिमूटभर उडवलं. कव्हर लावलं. खड्डा उजवीकडे सरकला, त्याच्या मागे पळता त्रिकोण.

"तेरा. अगंबाई, खरंच सरकतोय की!"

कव्हर काढलं. चिमूट. कव्हर लावलं.

"आठ. हात का थरथरतोय? भाऊजींचा हात बघा कसा स्थिर असतो."

"साडूंना इथे आणू नकोस!"

"पाच... दोन... अहो, आता जपून. मिठाच्या खड्याएवढं. हं. शून्य! शून्य झालं!"

स्थिर त्रिकोण आणि पळता त्रिकोण एकमेकांच्या डोक्यावर बसले होते. चारशे तेहेतीसवर उणे सत्तावीस. काकांनी एक खोल श्वास घेतला आणि कटर पुन्हा उचलला.

"आता काय?"

"टोक जरा तिरकं राहिलंय. एक बारीकसा..."

काकूंनी कटर हिसकावून पर्समध्ये टाकला, आरशाशेजारी.

रविवारी सकाळी काकांनी अँटेना परत बसवला आणि एकदाही बटण न दाबता बाजूला झाले. छाती नव्हती. तोवर सगळी इमारत फाटकापाशी गोळा झाली होती. मॅडमची गाडी दूर कोपऱ्यावर, दिव्याच्या खांबापाशी येऊन थांबली. ती दिसताच सवयीनं सगळ्यांनी रिमोट हनुवटीला लावले आणि तोंडं उघडली. मॅडमना लांबून काय दिसलं असेल? बंद फाटक आणि त्यामागे आ वासलेला जमाव. डॉक्टर शांतपणे एकेकाचा जबडा निरखत फिरत होते.

मॅडमनी बटण दाबलं. फाटक तत्काळ, न कुरकुरता, उघडलं.

क्षणभर कुणाचा विश्वास बसेना. मग टाळ्या पडल्या. टाळ्यांच्या भरात कुणाच्या तरी हनुवटीनं बटण दाबलं आणि फाटक बंद झालं. दुसऱ्यानं चूक सुधारायला दाबलं, उघडलं. तिसऱ्यानं खात्री करायला दाबलं, बंद. अँटेनाला आता सगळ्यांच्या हाका लख्ख ऐकू येत होत्या आणि तो कुणाचंच मन मोडत नव्हता. मॅडमची गाडी दोन हात पुढे, दोन हात मागे अशी झोके घेत राहिली. शेवटी हेडबाई गरजल्या, "सगळ्यांनी रिमोट खाली! हात पाठीमागे!" तेव्हा कुठे गाडी आत आली.

"उघडतंय म्हणजे, फारच उघडतंय," मॅडम खाली उतरत म्हणाल्या. काकांचा चेहरा फुलला. डोळ्यांसमोर चाकं, हात, मानेची उशी.

"आजच उघडतंय," हेडबाईंनी लगेच तक्रार मांडली. "आठवडाभर आम्ही इथे दात दाखवत उभे होतो. विचारा या खड्ड्यांना."

मॅडमनी काकांकडे पाहिलं. "आठवडाभर उघडत नव्हतं? मग काल काय केलंत?"

काका मनात कारणं चाळू लागले. हवा दमट होती म्हणावं? बॅटरी म्हणावी? काकूंनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. वाऱ्यानं केस उडाले होते. त्यांनी पर्समधून आरसा काढला आणि केस सारखे करू लागल्या. सहज. अगदी सहज.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "हा आरसा माझ्या ओळखीचा आहे. टवका उडालेला. यंत्रावर असतो ना हा?"

काका पांढरे पडले. "तुम्ही... पाहिलाय?"

"रोज जेवणानंतर बघते. तुम्हाला त्यात दार दिसत असेल, पण दारातून मला त्यात तुमचे डोळे दिसतात." मॅडमनी रिमोट पर्समध्ये टाकला. "मिटलेले."

हेडबाई मोठ्यानं हसल्या. डॉक्टरांनी तेवढ्यात त्यांची दाढ पुन्हा बघून घेतली. काकांनी मग एका दमात सगळं सांगून टाकलं. कोपर, ट्रॅकिंग, आरसा, चारशे पंधरा, टिकल्या लावलेला माल. सांगताना ते फाटकाशी बोलत होते, कारण मॅडमकडे बघायचा धीर नव्हता.

"कव्हर माझं, झोप तुमची," मॅडम शेवटी म्हणाल्या. "हा माल बाहेर गेला असता तर सगळ्या गावानं तोंडं उघडली असती. खुर्ची देईन म्हटलं होतं फाटक उघडलं तर. उघडलं. घ्या खुर्ची."

काकांना हर्ष होणार तोच त्या पुढे म्हणाल्या, "पण माल पॅक झालाय ना? तो सगळा सोडवून, तार कापून, पुन्हा तपासायचा. दुसऱ्यांनी नव्हे. मुख्य तपासनीसांनी. तेव्हा सोमवारी खुर्ची घेऊन पॅकिंगमध्ये जा. यंत्र मी तिकडे हलवते. तोंड दाराकडे करून बसायचं."

त्यामुळे काकांना खुर्चीही मिळाली आणि पॅकिंगही. हल्ली ते खोक्यांच्या ढिगांमधून चाकांवर फिरतात, पट्ट्या फाडतात, अँटेना काढतात, पडद्यावर एक त्रिकोण ठोकून बसवतात आणि एक पळता ठेवतात. खुर्ची मागे कलते का, हे बघायला अजून सवड झालेली नाही. संध्याकाळी घरी येतात तेव्हा भुवयांत थर्माकोलचे मणी असतात. साडूंच्या खुर्चीपेक्षा आपली दोन बोटं उंच आहे, हे मात्र त्यांनी मोजून घेतलंय.

दातांच्या डॉक्टरांना फार वाईट वाटलं. फाटकावर पूर्वीसारखी मजा राहिली नाही म्हणतात. हेडबाईंना सवय सुटत नाही, तेवढ्याच अजून आ वासतात.

आणि खड्डेकाकांच्या घरात एक नवा लाल त्रिकोण लागला आहे. काकूंच्या कपाटाच्या फळीवर, आरसा असतो त्या जागी. तो काकूंनी स्वतः लावला. टोक खाली, चिकटपट्टीचे दोन थर. काका त्या बाजूनं जातात तेव्हा हात पाठीमागे बांधून जातात.